तंबोराची राख कुठवर गेली

महाराष्ट्राच्या इतिहासात १८१५ हे साल पंढरपुरात झालेल्या गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनामुळे लक्षात राहिले आहे. तो खून जुलै महिन्यातला. त्याच्या तीन महिने आधी, एप्रिलमध्ये, पुण्यापासून साडेपाच हजारांहून अधिक किलोमीटरांवर, आजच्या इंडोनेशियातील सुंबावा बेटावर एक डोंगर फुटला. त्या डोंगराचे नाव तंबोरा. आपल्या गवयांच्या तंबोऱ्याशी या नावाचा काही संबंध नाही, उच्चार तेवढा जुळतो. ज्यांच्या नोंदी माणसाने लिहून ठेवल्या आहेत अशा ज्वालामुखी उद्रेकांमध्ये हा सर्वांत मोठा मानला जातो. ज्वालामुखी नेमका कशाने आणि किती अंतरापर्यंत संहार करतो हे समजून घ्यायचे असेल, तर तंबोराच्या माथ्यावरून निघून टप्प्याटप्प्याने दूर जात राहावे, कारण प्रत्येक टप्प्यावर मारणारी गोष्ट वेगळी आहे.

निघण्यापूर्वी डोक्यातले एक चित्र पुसून टाकावे लागेल. ज्वालामुखी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तांबडालाल लाव्हा उतारावरून वाहताना येतो, आणि आपण महाराष्ट्रात राहणारे लोक तर लाव्हाच्याच थरांवर घरे बांधून राहतो. ताम्हिणी किंवा वरंध घाटात रस्ता रुंद करताना डोंगराची जी कड उघडी पडते, तिच्यात काळ्या दगडाचे एकावर एक रचलेले आडवे थर दिसतात आणि मधूनमधून लालसर मातीचा पट्टा दिसतो. काळा थर म्हणजे एकेका वेळी वाहून थिजलेला लाव्हा आणि लाल पट्टा म्हणजे दोन प्रवाहांच्या मधल्या शांततेच्या काळात तयार झालेली माती, जी पुढच्या प्रवाहाखाली भाजून निघाली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या या घडामोडींतून आज पाच लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास क्षेत्रावर पसरलेले दख्खनचे पठार तयार झाले. पण हा लाव्हा पातळ होता, जमिनीतल्या लांबच लांब भेगांमधून तो बाहेर आला आणि पसरला. असा लाव्हा घरे, शेते, रस्ते गिळतो. माणसे मात्र क्वचितच मारतो, कारण बहुतेक वेळा त्याच्यापुढून चालत चालतही दूर जाता येते. तंबोरावर जे घडले ते या जातीचे नव्हतेच. तिथे संहार केला तो वायूने, आणि वायूने चूर्ण केलेल्या खडकाने.

जमिनीच्या पोटातील वितळलेल्या खडकाला आपल्या शालेय पुस्तकांत शिलारस म्हणतात. या शिलारसात पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू विरघळलेले असतात. स्फोटक जातीच्या शिलारसात वजनाच्या चार-पाच टक्के पाणीच असू शकते. खोलवर दाब प्रचंड असल्यामुळे हे वायू निमूटपणे रसात मुरून राहतात. जत्रेतल्या गोटी सोड्याची बाटली डोळ्यांसमोर आणा. बाटली न उघडता उजेडात धरून पाहिली तर आत नुसते नितळ पाणी दिसते, बुडबुडा एकही नसतो. गोटी तोंडाशी घट्ट बसलेली असते ती आतल्या वायूच्याच दाबाने. अंगठ्याने गोटी खाली ढकलली की त्याच क्षणी सगळ्या पाण्यातून फेस उसळतो. शिलारस वर चढू लागला किंवा त्याच्यावरचे झाकण फुटले की हेच होते, फक्त इथे पाण्याच्या जागी वितळलेला खडक असतो आणि बाटलीच्या जागी काही किलोमीटर उंचीचा डोंगर.

आता हा वायू सुखासुखी निसटतो की डोंगर घेऊन उडतो, हे रस किती घट्ट आहे यावर ठरते. स्वयंपाकघरात पाक करणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही. एकतारी पाकात बुडबुडा वर येतो आणि फुटून जातो. तोच पाक गोळीबंद होत आला की बुडबुडे अडकून बसतात, पाक फुगतो आणि फुटताना हातावर चटका देऊन जातो. शिलारसाचा घट्टपणा त्यातील सिलिकाच्या, म्हणजे वाळूत असणाऱ्या द्रव्याच्या, प्रमाणावर आणि तापमानावर अवलंबून असतो. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये सिलिका निम्म्याच्या आसपास असते, म्हणून तो पातळ. सिलिका वाढत गेली की रस चिकट होत जातो आणि वायूला वाट देईनासा होतो. दाब एकदम उतरला की चिकट रसात अडकलेले लाखो बुडबुडे एकाच वेळी फुगतात. पाण्याची वाफ होताना नेहमीच्या हवेच्या दाबाखाली तिचे आकारमान मूळ पाण्याच्या दीड हजार पटींहून जास्त होते. नागपंचमीच्या सुमारास भट्टीवर ज्वारीच्या लाह्या फुटतात त्या दाण्यातल्या थोड्याशा ओलाव्याची वाफ झाल्यामुळेच. प्युमिस नावाचा जो हलका, भोकाभोकांचा, पाण्यावर तरंगणारा दगड असतो, तो म्हणजे खडकाची लाहीच म्हणायची. लाहीसुद्धा जिथे टिकत नाही, फुगलेल्या बुडबुड्यांच्या भिंतीच फुटून त्यांचा चुरा होतो, तिथे जे उरते ते म्हणजे ज्वालामुखीची राख. हा लाकडाच्या किंवा गोवरीच्या राखेसारखा मऊ अवशेष नव्हे. ती काचेची आणि खडकाची बारीक, धारदार पूड असते. पुढे जे जे घडले ते वायू आणि राख या दोन गोष्टींमुळे, म्हणून त्या पक्क्या ध्यानात ठेवलेल्या बऱ्या.

तंबोरा १८१२ पासून कुरकुरत होता. पहिला मोठा स्फोट ५ एप्रिल १८१५ रोजी झाला आणि त्याचा आवाज बाराशे किलोमीटरांवरच्या बटाव्हियापर्यंत, म्हणजे आजच्या जकार्तापर्यंत गेला. त्या काळी जावा बेट काही वर्षांसाठी इंग्रजांच्या ताब्यात होते आणि स्टॅमफर्ड रॅफल्स तिथला लेफ्टनंट गव्हर्नर होता. आवाज इतका हुबेहूब तोफांसारखा होता की जोगजकार्ताहून एक फौजेची तुकडी शेजारच्या ठाण्यावर हल्ला झाला असे समजून निघाली, तर किनाऱ्यावर संकटातले जहाज शोधायला होड्या गेल्या. मकासर बंदरात कंपनी सरकारचे एक लढाऊ जहाज उभे होते, त्याचे नाव ‘बनारस’. त्यालाही चाचे शोधायला पाठवण्यात आले आणि ते हात हलवत परत आले. डोंगर फुटला असेल हे कोणाच्या मनात आले नाही. दुसऱ्या दिवशी राख पडू लागली तेव्हाही बहुतेकांना जवळपासच्याच एखाद्या डोंगराची शंका आली, इतक्या लांबच्या नव्हे.

खरा उद्रेक १० एप्रिलच्या संध्याकाळी झाला. डोंगरापासून पूर्वेला सुमारे तीस किलोमीटरांवर सांगार नावाचे छोटे संस्थान होते. तिथला राजा वाचला आणि त्याने पुढे इंग्रज अधिकाऱ्याला जे सांगितले ती या उद्रेकाची जवळून पाहिलेली जवळजवळ एकमेव साक्ष आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास डोंगराच्या माथ्यावरून आगीचे तीन स्तंभ उठले, खूप उंचावर जाऊन ते एकमेकांत मिसळले आणि थोड्याच वेळात सगळा डोंगर वाहत्या आगीसारखा दिसू लागला. आठच्या सुमारास दगड पडू लागले, काही दोन मुठींएवढे, बहुतेक अक्रोडाएवढे. नऊ आणि दहाच्या दरम्यान राख आली. आणि मग एक भयंकर वावटळ सुटली, तिने गावातले जवळपास प्रत्येक घर पाडले, मोठमोठी झाडे मुळासकट उपटली, माणसे, घोडे, गुरे जे सापडले ते हवेत उचलून नेले.

राजाच्या साक्षीतला हा क्रम आजचा अभ्यासक वाचतो तेव्हा त्याला त्यात उद्रेकाची यंत्रणाच दिसते. आधी राख, दगड आणि वायूंचा स्तंभ सरळ वर गेला. तंबोराच्या स्तंभाची उंची चाळीस किलोमीटरांच्या वर गेली असावी असा अंदाज आहे, म्हणजे आपली प्रवासी विमाने ज्या उंचीवरून उडतात तिच्या जवळपास चौपट. असा स्तंभ आतल्या जोराने थोडा वर चढतो आणि नंतर भोवतालची हवा आत ओढून, तिला तापवून, गरम हवेच्या फुग्यासारखा वर वर जात राहतो. पण उद्रेकाचे तोंड रुंदावले आणि बाहेर पडणारा माल फार वाढला की आत ओढलेली हवा त्याला उचलायला पुरेनाशी होते. मग स्तंभ स्वतःच्याच वजनाने खाली कोसळतो आणि तापलेली राख, दगड आणि वायू यांचा लोंढा चहूबाजूंनी उतारावरून धावत सुटतो. याला पायरोक्लास्टिक फ्लो म्हणतात. त्याचे तापमान कित्येक शे अंश सेल्सिअस असते आणि वेग बहुधा ताशी शंभर किलोमीटरांच्या वर. कण वायूवर तरंगत असल्यामुळे जमिनीशी घर्षण कमी होते, म्हणून तो दगडामातीसारखा जड असूनही पाण्यासारखा वाहतो. सांगारच्या राजाने पाहिलेली वावटळ बहुधा अशाच लोंढ्यांमुळे उठलेली होती, आणि ते समुद्रात कोसळले तेव्हा उठलेल्या लाटांनी किनाऱ्यावरची भातशेती धुऊन नेली.

या लोंढ्यापासून पळता येत नाही. कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर ८ मे १९०२ च्या सकाळी माँ पेले या ज्वालामुखीतून असाच लोंढा सेंट पिएर शहरावर आला आणि काही मिनिटांत सुमारे अठ्ठावीस हजार माणसे गेली. जे मोजके वाचले त्यांत एक जण तुरुंगाच्या जाड भिंतींच्या कोठडीत बंद असलेला कैदी होता. तंबोराच्या उतारावरच्या गावांना तर नोंद ठेवायलाही कोणी उरले नाही. त्याच नावाचे एक छोटे संस्थान आणि शेजारचे पेकात हे दुसरे, दोन्ही माणसांसकट नाहीशी झाली, आणि तंबोराच्या लोकांची स्वतंत्र भाषाही त्यांच्याबरोबर संपली; तिचे काही थोडे शब्द आधी कोणी टिपून ठेवले होते म्हणून तेवढे उरले. २००४ साली आइसलँडचे भूवैज्ञानिक हारल्डुर सिगुर्डसन यांच्या चमूने तिथे सुमारे तीन मीटर खोल खणून एक घर उघडे केले. लाकडी वासे जागच्या जागी कोळसा झालेले होते, भांडीकुंडी आणि लोखंडी हत्यारे घरात होती, आणि दोन माणसांचे अवशेष होते. त्यांतली एक स्त्री चुलीच्या जागेजवळ होती. त्या घरातली काच वितळलेली होती.

डोंगराचे स्वतःचे काय झाले हेही पाहिले पाहिजे. उद्रेकापूर्वी तंबोराची उंची चार हजार मीटरांच्या वर होती असे मानतात. आज ती सुमारे २,८५० मीटर आहे. मधल्या उंचीचा काही भाग उडाला, पण बराचसा खाली बसला. पोटातला शिलारस एवढ्या वेगाने रिकामा झाला की वरच्या छताला आधार राहिला नाही, आणि माथा आतल्या पोकळीत ढासळून सुमारे सहा किलोमीटर रुंद आणि हजार मीटरांहून खोल असे कुंड तयार झाले. अशा कुंडाला कॅल्डेरा म्हणतात. बाहेर फेकल्या गेलेल्या मालाचे आकारमान दीडशे घन किलोमीटरांच्या आसपास असल्याचे अंदाज आहेत. उद्रेक मोजण्यासाठी शून्य ते आठ असा एक स्फोटकता निर्देशांक वापरतात, आणि त्यातली वरची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दसपट मालाची असते. तंबोरा सातव्या पायरीवर आहे, १८८३ सालचा क्राकाटोआ सहाव्या.

मात्र या निर्देशांकावर मृत्यूंचा हिशेब करता येत नाही, आणि बातम्यांमध्ये नेमका तोच हिशेब केला जातो. कोलंबियातील नेवादो देल रुइझ या बर्फाच्छादित ज्वालामुखीचा १३ नोव्हेंबर १९८५ चा उद्रेक निर्देशांकावर अवघा तिसऱ्या पायरीचा होता. त्याने माथ्यावरचे थोडे बर्फ वितळवले, त्या पाण्यात राख आणि दगडगोटे मिसळले आणि ओल्या काँक्रीटसारखा लोंढा नदीपात्रांमधून खाली निघाला. अशा लोंढ्याला जगभर ‘लहार’ हा जावानीज शब्द वापरतात. पन्नासेक किलोमीटरांवरच्या आर्मेरो गावापर्यंत पोहोचायला त्याला दोन तासांहून जास्त वेळ लागला, धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार झालेला होता, आणि तरीही एकूण सुमारे तेवीस हजार माणसे त्या चिखलात गेली. टेकाडावर चढून जाण्यापुरती सूचना वेळेत मिळाली असती तर त्यातली बहुतेक वाचली असती.

तंबोरापासून आणखी पुढे, पूर्वेला सुमारे ऐंशी किलोमीटरांवर बिमा हे बंदर आहे. इथे ना उष्ण लोंढा पोहोचला ना दगड, पण घरांची छपरे राखेच्या भाराने खाली आली. इंग्रज रेसिडेंटचे घरही राहण्याजोगे उरले नाही. हा भार किती असतो याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक चौरस मीटर छपरावर दहा सेंटीमीटर, म्हणजे वीतभराच्या निम्मी राख साचली तर ती दाबून बसल्यावर शंभर किलोच्या घरात जाते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीच्या छतावर हाच भार जवळजवळ एक टनाचा होतो. त्यावर पाऊस पडला की राख पाणी धरून ठेवते आणि वजन दीडपट-दुप्पट होते. फिलिपिन्समधील पिनाटुबो १५ जून १९९१ रोजी फुटला त्याच दिवशी तिथे चक्रीवादळ येऊन धडकले, आणि पहिल्या काही दिवसांत जे सुमारे तीनशे लोक दगावले त्यांतले बहुतेक भिजलेल्या राखेखाली कोसळलेल्या छतांनी मारले. बाकी पिनाटुबोचा उद्रेक विसाव्या शतकातला दुसऱ्या क्रमांकाचा असूनही एवढ्यावर निभावले, कारण भूकंपमापकांच्या नोंदी आणि बाहेर पडणाऱ्या गंधकाच्या वायूचे वाढते प्रमाण पाहून हजारो लोकांना आधीच हलवण्यात आले होते.

पावणेचारशे किलोमीटरांवरच्या मकासरमध्ये ‘बनारस’ जहाजाच्या कप्तानाने राखेचे जे वर्णन केले, ते मला सगळ्या कागदपत्रांत सर्वांत जिवंत वाटते. भर दिवसा डोळ्यांसमोर धरलेला हात दिसत नव्हता. जहाजावर ताडपत्र्या ताणूनही राख सगळीकडे शिरली. डेकवर ठिकठिकाणी फूटफूटभर साचली आणि ती टनावारी समुद्रात फेकावी लागली. त्याने ती चाखूनही पाहिली असावी, कारण तो लिहितो की तिला चव अजिबात नव्हती, डोळ्यांना ती झोंबत नव्हती, वास किंचित करपट होता, पण गंधकाचा नव्हता. पुढे चौकशीसाठी जहाज सुंबावाकडे निघाले तेव्हा समुद्रावर तरंगणाऱ्या प्युमिसचे आणि जळक्या झाडांचे एवढे तराफे आडवे आले की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती वाळूची बेटेच वाटावीत.

हीच राख आजच्या काळात आणखी एका मार्गाने जीव घेऊ शकते, आणि तो मार्ग एका विमानाने शोधून दिला. २४ जून १९८२ रोजी ब्रिटिश एअरवेजचे लंडनहून मुंबई आणि क्वालालंपूरमार्गे ऑस्ट्रेलियाकडे निघालेले जंबो जेट रात्री जावावरून जात असताना गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि त्याची चारही इंजिने बंद पडली. ज्वालामुखीची राख म्हणजे काच, हे वर म्हटलेच आहे. जेट इंजिनाच्या आतली उष्णता त्या काचेला वितळवायला पुरेशी असते, आणि वितळलेली काच पुढे पात्यांवर जाऊन थिजते व हवेची वाट बुजवते. विमान तरंगत खाली येत असताना इंजिने थंड झाली, काचेचे कवच तडकून काही प्रमाणात गळले आणि इंजिने पुन्हा सुरू झाली. ते जकार्ताला सुखरूप उतरले, पण समोरची काच घासून इतकी आंधळी झाली होती की वैमानिकांना धावपट्टी नीट दिसत नव्हती. कोरडी राख विमानाच्या हवामान रडारवर दिसत नाही, म्हणून आज तिच्यावर उपग्रहांतून नजर ठेवण्याची जगभर वेगळी व्यवस्था आहे.

तंबोराच्या स्फोटांत आणि लोंढ्यांत सरळ मेलेल्यांची संख्या दहा-बारा हजार मानली जाते. त्याच्या कित्येक पट माणसे नंतरच्या महिन्यांत उपासमारीने आणि रोगराईने गेली. सुंबावा आणि शेजारचे लोंबोक ही दोन बेटे मिळून सत्तर हजारांच्या वर मृत्यू झाले असावेत असा अंदाज नेहमी दिला जातो. राखेने उभे भात झाकले, विहिरी आणि ओढे नासले, गुरांना चारा उरला नाही. रॅफल्सने तांदूळ घेऊन पाठवलेला लेफ्टनंट फिलिप्स ऑगस्टमध्ये बेटावर पोहोचला तेव्हा रस्त्याच्या कडेला प्रेते होती, गावे ओस पडली होती, आणि उरलेले लोक माडाच्या जातीच्या झाडांचे कोंब, पपईचे देठ आणि केळीचे खुंट खाऊन दिवस काढत होते. सांगारचा तो राजा त्याला भेटायला आला. त्याची एक मुलगी उपासमारीने मेली होती. राजाच्या घरात ही स्थिती, तर इतरांच्या घरांत काय असेल, असे फिलिप्सने निराळे लिहिण्याची गरज उरली नाही. त्याने राजाला थोडा तांदूळ दिला, एवढे मात्र तो नोंदवतो.

यापुढचा टप्पा किलोमीटरांत मोजता येत नाही. राख जड असते, ती काही दिवसांत किंवा आठवड्यांत खाली बसते. गंधकाचे तसे नाही. तंबोरातून सहा कोटी टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात, म्हणजे ढग आणि पाऊस जिथे होतात त्या थराच्या वर, फेकला गेला. तिथे त्याचे सल्फ्युरिक आम्लाचे अतिसूक्ष्म थेंब झाले. खालच्या हवेत असे थेंब पावसाबरोबर आठवडाभरात धुऊन निघतात, पण स्थितांबरात पाऊसच नसतो, त्यामुळे ते वर्ष-दोन वर्षे तरंगत राहिले आणि वाऱ्यांनी ते पृथ्वीभर पसरले. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका या दोन्ही टोकांच्या बर्फात १८१५ नंतरच्या थरात हे आम्ल सापडते. हे थेंब सूर्यप्रकाशाचा काही अंश परत अवकाशात उडवतात. एखादा उद्रेक हवामान बिघडवील की नाही हे त्याच्या स्फोटाच्या आकारापेक्षा गंधकावर ठरते ते यामुळेच. १९८० मध्ये अमेरिकेतल्या सेंट हेलेन्सच्या गाजलेल्या स्फोटाने जगाच्या तापमानाला जवळजवळ धक्का लागला नाही, तर दोन वर्षांनी मेक्सिकोतल्या एल चिचोनने त्याच सुमाराच्या मालातून कितीतरी जास्त गंधक वर पाठवले.

तंबोरानंतर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने घसरले. अर्धा अंश ऐकायला किरकोळ वाटतो, पण ती सरासरी आहे आणि शेती सरासरीवर पिकत नाही. १८१६ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात बर्फ पडले आणि जुलै-ऑगस्टमध्येही दव गोठले. पश्चिम युरोपात पाऊस थांबेना, धान्य शेतातच कुजले, भाव चढले, स्वित्झर्लंडमध्ये आणि जर्मन प्रदेशांत लोकांवर भीक मागण्याची पाळी आली. चीनच्या युनान प्रांतात थंडीने भाताचे पीक लागोपाठ बुडाले. ‘उन्हाळ्याविना वर्ष’ असे नाव तिकडे या सालाला पडले. यातल्या कोणाला सुंबावा कुठे आहे हे माहीत नव्हते, आणि तंबोराशी या साऱ्याचा धागा जुळायला पुढे शंभर वर्षे जावी लागली.

आपल्याकडचा धागा नाजूक आहे आणि तो नाजूकच ठेवून सांगितला पाहिजे. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर आपला मान्सून चालतो. ऊन कमी झाले की समुद्रापेक्षा जमीन अधिक थंडावते आणि हा फरक कमी होतो, म्हणून मोठ्या उद्रेकानंतर मान्सून ढेपाळणे अपेक्षित असते. १८१६ चा मान्सून हिंदुस्थानात विस्कळीत झाल्याच्या नोंदी आहेत. १८१७ मध्ये बंगालमध्ये पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, अभूतपूर्व रूप धारण केले. त्या नोव्हेंबरात पेंढाऱ्यांविरुद्ध आणि मराठ्यांविरुद्ध निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेला ती बुंदेलखंडात लागली आणि छावणीच्या छावणी आडवी झाली, आणि पुढच्या वर्षी ती मुंबईपर्यंत आली. बिघडलेल्या पाऊसपाण्याने या साथीला हातभार लावला असावा असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. त्यात तथ्य असू शकते, पण पटकी बंगालात आधीपासून होती आणि फौजांच्या हालचालींनी ती पसरली हेही तितकेच खरे, तेव्हा पेशवाईच्या अखेरच्या वर्षातली जरीमरी सरसकट तंबोराच्या खात्यावर मांडणे मला घाईचे वाटते.

याउलट महाराष्ट्रात इंडोनेशियाच्या ज्वालामुखीचा एक पुरावा असा आहे की त्याला हात लावता येतो. तो तंबोराचा नाही, त्याच्याहून कितीतरी मोठ्या टोबाचा आहे. सुमात्रा बेटावरचे टोबा सरोवर हे सुमारे शंभर किलोमीटर लांबीचे कॅल्डेरा आहे आणि निर्देशांकाच्या आठव्या, शेवटच्या पायरीवरच्या उद्रेकाने ते सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी घडले. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील बोरी गावाजवळ कुकडी नदीच्या काठच्या गाळात फिकट करड्या राखेचा एक थर उघडा पडलेला आहे. भोवताली सगळा काळा बेसॉल्ट, आणि त्यात ही परकी पूड. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात फुटलेल्या बुडबुड्यांच्या वाकड्या भिंती, म्हणजे काचेच्या चंद्रकोरीसारख्या कपच्या दिसतात, आणि त्या काचेचे रसायन टोबाशी जुळते. सुमात्राहून तीन हजारांहून अधिक किलोमीटरांचा प्रवास करून ती इथे पडली आणि पावसाच्या पाण्याने वाहत येऊन खोलगट जागी साचली. त्याच गाळात माणसाच्या पूर्वजांनी घडवलेल्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. ही राख ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की टोबाच्याच कित्येक लाख वर्षे जुन्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांचे एकमत झालेले नाही, आणि त्या कुऱ्हाडींचे वय किती मानायचे हा प्रश्नही त्याच वादात अडकला आहे.